‘तू’ म्हणताना

१९९८ साली वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला. त्याच्या पुढल्याच वर्षी, वयाच्या सोळाव्या वर्षी, मी रोटरीच्या विद्यार्थी-विनिमय योजनेतून एका जर्मन कुटुंबात राहावयास गेलो. संध्याकाळच्या थंड पाव-चीजला वऱ्हाडी पोट महिन्याभरात सरावले. जीभ मात्र अडली. जर्मन भाषेत परक्या वडीलधाऱ्यांस ‘झी’ म्हणतात, घरच्यांस ‘डू’. त्या घरच्या बाईंनी पहिल्याच दिवशी ‘डू’ म्हणावयास सांगितले. आईच्या वयाच्या स्त्रीस एकेरी संबोधावे? मी दोन्ही शब्द टाळून वाक्ये जुळवू लागलो. (ते सोपे नव्हे!) एका रविवारी मिस्सात जर्मन प्रार्थना म्हणताना उमगले, तेथे देवालाही ‘डू’च. आपणही देवाला आणि आईला ‘तू’च म्हणतो की! त्या दुपारी मी बाईंना ‘डू’ म्हटले. वाशिमला आईस लिहिलेल्या पत्रातून मात्र तेवढे वगळले.