राजाबाई मनोरा : ज्ञानदानाची उभी साक्ष

मुंबईच्या ओव्हल मैदानावर पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले, की उच्च न्यायालयाच्या शेजारी एक उत्तुंग घड्याळमनोरा दृष्टीस पडतो. हाच राजाबाई मनोरा. त्याच्या पायथ्याशी ग्रंथालय, शेजारी दीक्षान्त सभागृह आणि या सर्वांना सामावून घेणारे मुंबई विद्यापीठ.

१८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालेले हे विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारले गेले. प्रारंभी येथे अध्यापन नव्हते. शिकवावे महाविद्यालयांनी, परीक्षा घेऊन पदव्या द्याव्यात विद्यापीठाने, अशी ती व्यवस्था होती. १८६२ मध्ये पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि प्राच्यविद्यापंडित डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यातलेच. पुढे १९१२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथूनच बी. ए. ची पदवी घेतली. विसाव्या शतकात समाजशास्त्र, अर्थशास्त्र यांसारखे स्वतंत्र विभाग निघाले आणि परीक्षा घेणारी संस्था संशोधनाचेही केंद्र बनली. भारतरत्न महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी तिचे कुलगुरुपद भूषविले.

मनोऱ्याची कथा मात्र बाजारपेठेत सुरू होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. त्या भरभराटीत सुरतेचे जैन व्यापारी शेठ प्रेमचंद रायचंद शेअर बाजाराचे अनभिषिक्त राजे झाले. १८६४ मध्ये त्यांनी ग्रंथालयासाठी दोन लक्ष रुपये दिले आणि पाठोपाठ मनोऱ्यासाठी आणखी दोन लक्ष. अट एकच होती : मनोऱ्यास मातोश्री राजाबाईंचे नाव द्यावे.

परंपरेने असे सांगितले जाते, की राजाबाई दृष्टिहीन होत्या आणि सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नियम काटेकोरपणे पाळीत. घड्याळाचे टोले ऐकून त्यांना कोणाच्याही मदतीवाचून वेळ कळावी, ही पुत्राची इच्छा होती.

१८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले. पेढ्या बुडाल्या, बँक ऑफ बॉम्बेसारखी प्रतिष्ठित बँकही त्या धक्क्यातून सावरली नाही. स्वतः प्रेमचंदांचे वैभव लयास गेले. परंतु मनोऱ्याची पायाभरणी झाली ती त्यानंतर, १ मार्च १८६९ रोजी, आणि सुमारे २८० फूट उंचीची ही वास्तू १८७८ मध्ये पूर्ण झाली. वहीखात्यांतील लक्षावधी रुपये नाहीसे झाले होते, विद्येसाठी वेगळे काढून दिलेले तेवढे शिल्लक राहिले होते.

आज विद्यापीठाचे बहुतेक विभाग कलिना परिसरात आहेत आणि संलग्न महाविद्यालये पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरली आहेत. कोकणातल्या एखाद्या लहान गावातील शेतकऱ्याच्या मुलीच्या पदवीपत्रावरही याच विद्यापीठाचे नाव असते. २०१८ मध्ये या परिसरातील व्हिक्टोरियन व आर्ट डेको वास्तुसमूहास जागतिक वारशाचा दर्जा लाभला.

समाजात दानाची परंपरा मोठी आहे. मंदिरे, धर्मशाळा, पांजरपोळ यांसाठी हात सढळपणे सैल सुटतो. सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी खुल्या असलेल्या ग्रंथालयाला, प्रयोगशाळेला किंवा शिष्यवृत्तीलाही तो तितकाच सैल सुटावा. ओव्हलवरून जाताना घड्याळाचे टोले कानी पडले, तर घटकाभर थांबावे. ते एका मातेसाठी योजिलेले होते आणि दीडशे वर्षे सर्वांना ऐकू येत आहेत.