आगबोटींतील आलिशान दालन

बौधायन धर्मसूत्रांत समुद्रयानाची गणना पतनीय कर्मांत केलेली आहे. परंतु कोंकणच्या किनाऱ्यावरील लोकांचें हा निषेध पाळून कधींच भागलें नाहीं. खाड्यांवर पूल नव्हते, रस्ते बिकट होते. मुंबईस जावयाचें तर आगबोट हाच राजमार्ग. तोहि निर्धोक नव्हता. ११ नोव्हेंबर १९२७ रोजीं 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन आगबोटी एकाच दिवशीं बुडाल्या. पुढें १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. त्या दिवशीं आषाढी अमावास्या, म्हणजे दिव्यांची अवस होती. गेलेल्यांत आमच्या मातोश्रींचे वडील होते. मातोश्री तेव्हां आठ वर्षांच्या होत्या.

त्यानंतर त्या कधीं बोटींत चढल्या नाहींत. विवाहानंतर त्या घाटावर आल्या आणि त्यांचें आयुष्य वारणेच्या काठींच गेलें. असें असतां, चिरंजीवांनीं डिसेंबरांत मुंबई ते गोवा असा जलप्रवासाचा बेत काढला, तेव्हां त्यांचा नकार घरांत सर्वांनीं गृहीतच धरला होता. पण पंचाऐंशी वर्षांच्या मातोश्री एवढेंच म्हणाल्या, "येईन हो. मात्र बोट बुडालीच तर माणसागणिक काय सोय आहे, तें मी आधीं डोळ्यांनीं पाहीन."

'एम्प्रेस' हें जहाज १९९० सालीं फ्रान्समधील सेंट नाझेर येथें बांधलें गेलें. तेव्हां त्याचें नांव 'नॉर्डिक एम्प्रेस' असें होतें. २०२१ च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलिया कंपनीनें तें मुंबईहून चालविण्यास आरंभ केला. लांबी सुमारें २१० मीटर, आणि मजले अकरा. आम्हां नऊ जणांसाठीं तीन खोल्या घेतल्या होत्या. त्यांपैकीं एक मोठें दालन मातोश्रींसाठीं होतें. अशा दालनास जहाजावर 'स्वीट' म्हणतात. तें ऐकून आमच्या पणतूनें आंत मिठाई असेल काय, अशी पृच्छा केली!

दार उघडतांच प्रथम बैठकीची जागा, पलीकडे प्रशस्त पलंग, आणि समोर कांचेचें सरकतें दार; त्याबाहेर समुद्रावर आलेली लहानशी गच्ची. स्नानगृहाचा उंबरा मुद्दाम उंच ठेवलेला, कारण जहाज डोलूं लागलें म्हणजे पाणी बाहेर येतां कामा नये. शौचकूपांत पाणी थोडें सुटतें. बाकीचें काम हवेच्या ओढीनें होतें. पायांखालीं यंत्रांची अखंड घरघर जाणवत होती. गळीत हंगामांत आमच्या साखर कारखान्याची घरघर रात्रभर येते, तशीच ती वाटली, आणि परकेपणा थोडा कमी झाला.

सूनबाई मऊ गाद्यांचें कौतुक करीत होत्या, मुलें गच्चीकडे धांवलीं होतीं. मातोश्रींनीं यांतलें कांहींच पाहिलें नाहीं. काठी टेकीत त्या थेट कपाटाशीं गेल्या.

"जाकिटें कोठें आहेत, बाळा?" त्यांनीं खोलीच्या नोकरास विचारलें.

त्यानें नारिंगी जाकिटें काढून दाखविलीं आणि लहान मुलांचीं निराळीं असतात, हेंहि सांगितलें. मातोश्रींनीं तिन्ही खोल्यांतलीं जाकिटें स्वतः मोजलीं. नऊ भरलीं, तेव्हां कोठें त्या पलंगावर बसल्या.

ही सोय एका दिवसांत झालेली नाहीं. १९१२ सालीं 'टायटॅनिक' बुडालें, तेव्हां जीवनौका जहाजावरील सुमारें निम्म्याच माणसांना पुरत होत्या. त्यानंतर १९१४ सालीं लंडन येथें सागरी सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. २०१२ सालीं इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडल्यावर, जहाज सुटण्यापूर्वीं किंवा सुटतांच नव्या प्रवाशांची कवाईत झालीच पाहिजे, असा नियम आला. तो २०१५ पासून अंमलांत आहे. सात आंखूड आणि एक लांब शिटी ही धोक्याची खूण. कवाईतीच्या वेळीं मातोश्री पहिल्या रांगेंत उभ्या होत्या. 'रामदास'वर बिनतारी संदेशयंत्रहि नव्हतें. बोट बुडाल्याची वार्ता मुंबईस कळली ती पोहून आलेल्या माणसांकडून.

सायंकाळीं जहाजानें बंदर सोडलें. मातोश्रींनीं मला गच्चींत बोलावलें.

"अरे, रेवस कोणत्या बाजूस?"

मीं डावीकडे हात केला. अंधारांत कांहीं दिसत नव्हतें. त्यांनीं त्या दिशेस हात जोडले आणि पणतवंडांस जवळ घेऊन आपल्या वडिलांची हकीकत सांगितली. साठ वर्षांत ती मींहि इतकी सविस्तर ऐकली नव्हती. सकाळीं घरीं न आलेल्या वडिलांसाठीं त्यांच्या आईनें दिव्यांच्या पूजेचीं निरांजनें दिवसभर तेवत ठेवलीं होतीं, हें मला त्या रात्रीं प्रथम कळलें. जहाजावर ज्योत लावण्यास मनाई आहे; म्हणून धाकट्या पणतीनें गच्चींतला विजेचा दिवा तेवढा रात्रभर चालू ठेवला.

अशा दालनाचें भाडें जबर असतें आणि तें प्रत्येकास परवडेल असें नाहीं. साध्या खोलींतूनहि समुद्र तोच, आणि जाकीट तेंच. सहकुटुंब जाणाऱ्या वाचकांनीं खोलींत शिरतांच पडदे आणि पलंग पाहण्याआधीं कपाट उघडावें, माणसें मोजावीं, जाकिटें मोजावीं, आणि घरांतील वडीलधाऱ्यांस शक्य तर गच्ची असलेली खोली द्यावी.