कड

यंदा रोवणीच्या दिवसांत भर पावसात ग्रास कटर चालवताना उजव्या हाताची दोन बोटं पांढरी पडली आणि तासभर बधिर राहिली. वर्षानुवर्षं थरथरती मशीन धरली, त्याची ही वसुली. तेव्हापासून मशीन भाच्याकडे आहे. धानोऱ्यात मुरूमगाव रस्त्यावरच्या एका आवारातली हिरवळ मी राखतो. त्यातलं सगळं त्याला सोपवलं, कड तेवढी सोपवता येत नाही.

मशीनची दोरी उभी धरून फिरवली की कड निघते म्हणतात. निघते ती गवताची, मातीची नाही. दोरी पातं ओरबाडते, दोन दिवसांत शेंडे पिवळे पडतात आणि आठवड्यात हरळी पुन्हा पायवाटेच्या मुरमावर उतरते. माती दोन बोटं खोल कापली तरच कड. त्यासाठी मी धुरे तासायचं फावडं सपाट ठोकून घेतलंय, कानशीनं धार लावलीय. सरळ उभी कापलेली कड आमच्याकडच्या पावसात ढासळते. म्हणून धुऱ्याला देतात तसा तिला किंचित उतार देतो. तो उतार किती, हे मला अजून दरवर्षी नव्यानं चुकतं.

बाजारात मशीन सीसीवर विकतात. ठेकेदाराची पोरं धान कापायची ५२ सीसीची मशीन लोखंडी पात्यासकट हिरवळीवर आणतात, तेव्हा माझा जीव जळतो. कडेच्या गवताला हलकी फोर स्ट्रोक, ३५ सीसीची पुरते, २.४ मिलिमीटरची गोल दोरी लावून. मूवर मात्र हातानं ढकलायचा, रोलरच्या पात्यांचाच. तो कात्रीसारखा कापतो. आडव्या फिरत्या पात्याचा गवत झोडतो आणि श्रावणात ओल्या लगद्यानं तुंबतो.

झाडाच्या बुंध्याभोवती मात्र मला दोरीचाच मोह होता. नाण्यासारखा गोल निघायचा. पाहुणे थांबून बघायचे, मला ते हवं असायचं. कोवळ्या बकुळीभोवती तो गोल मी तीन पावसाळे काढला. चौथ्या उन्हाळ्यात ती वाळली. उपटली तेव्हा दिसलं, जमिनीलगत साल सगळीकडून कापली गेली होती. पानांनी केलेलं अन्न मुळांपर्यंत उतरलंच नव्हतं.

अमेरिकेत ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलासनं हे दोरीचं यंत्र १९७१ मध्ये शोधलं. गाड्या धुणारे फिरते ब्रश बघून त्याला ते सुचलं, आणि झाडांच्या साली न दुखवता बुंध्याभोवतीचं गवत काढणं हाच त्याचा हेतू होता. हे वाचल्यावर मी बराच वेळ बसून राहिलो.

आता प्रत्येक झाडाला हातभर रुंद आळं ठेवतो, त्यात पालापाचोळा भरतो. उरलेलं गवत उकिडवं बसून विळ्यानं काढतो. परवा भाचा म्हणाला, "मामा, मशीननं दोन मिनिटांत होईल."

बकुळीचं ते खोड मी अवजारांच्या खोलीत जपून ठेवलंय. आणून त्याच्या हातात दिलं. त्यानं खाचेवरून बोट पूर्ण गोल फिरवलं, मग मशीन बंद करून विळा मागितला.