माजावरचं सांबर आणि वाऱ्याची दिशा

निपाणीहून बेळगावकडे येताना स्तवनिधी घाट सोडला तर आजूबाजूला बहुतेक शेतीच दिसते. बेळगाव आणि मग खानापूर मागे पडलं की मात्र चित्र बदलतं. हेम्माडगा-अनमोड रस्त्यावर दोन्ही बाजूंची झाडी जवळ येते. हे भीमगड अभयारण्य. शिवरायांच्या किल्ल्यावरून हे नाव पडलं. अभयारण्य झालं २०११ साली, क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. दिवाळीत गावी येणारे आपण बहुतेकजण गोव्याला जाताना ते गाडीच्या काचेतूनच बघतो.

माझा अ‍ॅरिझोनातला एक सहकारी दर हिवाळ्यात परवाना काढून धनुष्यबाणाने म्यूल डिअरची शिकार करतो. तेव्हा तिथल्या हरणांचा माजाचा हंगाम असतो. बाण तीस-चाळीस पावलांपर्यंतच भरवशाचा, म्हणून जवळ जावं लागतं. त्याची पद्धत सोपी आहे: नराला शोधत फिरू नका, माद्यांवर नजर ठेवा, तो मागून येतोच. वारा आपल्या तोंडावर हवा. त्याचं लक्ष मादीकडे असेल तेव्हाच पाऊल टाका.

हे मी आमच्या गावातल्या एका काकांना सांगितलं. त्यांचे वडील जुन्या काळी हाक्याला जायचे. काका हसले. "वाऱ्याचं बरोबर हाय पोरा. पण सांबर मादीमागं पळत न्हाई. त्ये आपल्या जागेवर ऱ्हातंय."

ते खरं आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात सांबराचा नर आपला इलाखा धरतो, चिखलात लोळतो, खोडांवर शिंगं घासतो, वास सोडतो आणि माद्या त्याच्याकडे येतात. त्यामुळे थांबायचं ते पाणवठ्यापाशी. सकाळी उन्हाने हवा उतारावरून वर चढते, संध्याकाळी गार होऊन खाली वाहते. म्हणून संध्याकाळी पाणवठ्याच्या खालच्या अंगाला बसायचं.

गेल्या नोव्हेंबरात वनखात्याची परवानगी काढून, गार्डला सोबत घेऊन आम्ही तसेच बसलो. तासाभराने नर आला. मानेवर दाट आयाळ, अंगावर वाळलेला चिखल, अंतर चाळीसेक पावलं. मग वारा फिरला. त्याने पाय आपटला, 'ढांक' असा आवाज काढला आणि झाडीत शिरला.

माजात नर कमी खातो आणि नेहमीइतका सावध राहत नाही. शिकाऱ्याला संधी मिळते ती यामुळेच, आणि जनावराला धोकाही यातूनच. आपल्याकडे १९७२च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे. अभयारण्यात शिकार केली तर ३ ते ७ वर्षं कैद होऊ शकते. पण शेताच्या कडेला लावलेला तारेचा फास आणि रात्री भरधाव जाणारी गाडी आजही आहेच. मादीला एका वेळी बहुधा एकच पाडस होतं, तेही सुमारे आठ महिन्यांनी. या दिवसांत एक मादी मेली की पुढच्या पावसाळ्यातलं पाडसही गेलं.

तेव्हा यंदा मुलांना घेऊन या रस्त्याने जाल तर दिवसा जा, वेग तीसच्या आत ठेवा, हॉर्न वाजवू नका. सांबर रस्ता ओलांडताना दिसलं तर ते गेल्यावर लगेच गाडी काढू नका. मिनिटभर थांबा, मागे दुसरं असू शकतं.