खंडू आणि मल्हार

नातवाच्या बारशाला सुनेने मोबाइल माझ्यापुढे धरला. निमंत्रणाचं कार्ड तयार होतं, वर सोनेरी अक्षरांत 'मल्हार'. "बाबा, नाव मॉडर्न आहे आणि आपल्या कुलदैवताचंही आहे." आत्याने कानात कुर्र केलं आणि नाव पक्कं झालं. कोपरखैरण्यातल्या आमच्या सोसायटीच्या बागेत आता 'मल्हार' म्हणून हाक मारली की दोन-तीन पोरं वळतात. 'खंडू' म्हणून हाक मारली की मी एकटाच वळतो, आणि ऐकणारे गालात हसतात.

देव एकच. त्याचं गावाकडचं नाव माझ्या वाट्याला आलं आणि पोथीतलं नातवाच्या. मार्तंड भैरवाने मणी आणि मल्ल या दैत्यांना मारलं, म्हणून तो मल्लारी, मल्हारी. मल्ल हरला खरा, जेजुरीच्या पायऱ्यांशी त्याच्या डोक्यावर भक्तांचे पाय पडतात. पण जिंकलेल्या देवाला त्याचं नाव कायमचं घेऊन फिरावं लागतं. खंडोबा म्हणजे हातात खंडा घेतलेला, असं आमच्याकडे सांगत. इतकं साधं नाव, म्हणूनच बहुधा ते जुनं झालं. झी मराठीवर २०१४ साली 'जय मल्हार' मालिका सुरू झाली आणि घोड्यावरचा देव रोज संध्याकाळी घराघरांत आला. तरी त्या मालिकेनंतर कुणी पोराचं नाव खंडू ठेवल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

होळकरांना असला संकोच नव्हता. खंडोजींचा मुलगा मल्हारराव, मल्हाररावांचा मुलगा खंडेराव. आजोबांचं नाव नातवाला आणि दोन्ही नावं एकाच देवाची. आमच्या घरात तीच रीत चालली म्हणायची, फक्त मधली एक पिढी इंग्रजी शाळेत गेली.

माझं नाव नवसाचं. आमचं मूळ गाव पाटण तालुक्यात, कुलदैवत पालीचा खंडोबा. नवी मुंबईत 'पालीला चाललो' म्हटलं की लोकांना रायगडातला बल्लाळेश्वर आठवतो. आमची पाल कराड तालुक्यात, तारळी नदीच्या काठावर. तिथे पौषात खंडोबा-म्हाळसाचं लग्न लागतं आणि नदीचं पात्र भंडाऱ्याने पिवळं होतं. यात्रेहून आल्यावर कितीतरी दिवस कानामागे, नखांत, सदऱ्याच्या शिवणीत तो पिवळा रंग सापडत राहायचा. आई तो सदरा मुद्दाम उशिरा धुवायची. 'येळकोट येळकोट जय मल्हार' मीही तिथे घसा बसेपर्यंत ओरडलो आहे. आपण नातवाच्याच नावाने ओरडतोय, हे तेव्हा कुणाला माहीत?

माझ्याआधीची दोन मुलं जगली नव्हती. अशा घरात पोराचं नाव दगडू किंवा धोंडू ठेवायचे. दगडावर कुणाची नजर पडत नाही, हा हिशेब. आमच्या भावकीत दोन्ही होते. आईने मात्र थेट पालीलाच गाऱ्हाणं घातलं.

वाडीत माझ्यासोबत खेळणारी एक नकुशी होती. बापाची चौथी मुलगी. "ए नकुशे" म्हणून हाक मारताना कुणालाच काही वाटत नसे, मलाही नाही. २०११च्या ऑक्टोबरात साताऱ्यात नकोशी नावाच्या २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं दिली, तेव्हा पेपरातली ती बातमी मी दोनदा वाचली. आमची नकुशी तोवर आजी झाली होती. तिचं नाव बदलायला कोण येणार? ती मुळात कशी होती हे त्या नावावरून कुणाला कळलं नसतं. बापाला काय वाटलं, तेवढंच कळत होतं. माझ्या नावाचंही तसंच. मी कधी खंडा धरला नाही, घोड्यावर बसलो नाही. कुणाला तरी मी हवा होतो, एवढंच 'खंडू' सांगतं.

वडील माथाडी. मस्जिद बंदरात गोणी वाहत होते. बाजार इकडे आला तसे तेही टोळीबरोबर आले. माथ्यावर ओझं घेणाऱ्याचं नाव मार्केटात कोण विचारतो? हमालांसाठी १९६९ साली कायदा झाला, तेव्हा कुठे त्यांच्या नावांची नोंद होऊ लागली. माझ्या प्रत्येक कागदावर त्यांचं नाव माझ्या नावाला चिकटून आहे, आणि त्याचा मला अभिमानच आहे.

पण पालीला अनवाणी गेली ती आई. पाच वर्षं पौषातले उपास तिने धरले, तळी तिच्या नवसाची. माझ्या दाखल्यावर, रेशनकार्डावर, पेन्शनच्या पुस्तकावर 'खंडू'च्या पुढे ती कुठेच नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावांत सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम राज्य सरकारने ठरवून दिला आहे. मल्हार त्यानंतरचा. त्याच्या दाखल्यावर सुनेचं नाव माझ्या मुलाच्या आधी आहे, आणि तसंच पाहिजे.