माहेरची गच्ची

चित्रकलेशी माझा संबंध इंटरमिजिएटच्या परीक्षेत संपला. समोर तांब्या आणि दोन कांदे ठेवले होते. माझे कांदे हुबेहूब तांब्यासारखे आले आणि तांब्या कशासारखाच आला नाही. तेव्हापासून ‘हुबेहूब’ या शब्दाबद्दल मला अपार आदर आहे. जाणकार मात्र नाक मुरडतात. “हुबेहूब काय, कॅमेराही काढतो!” म्हणतात, आणि बाईचा डोळा तिच्या कोपरावर असलेल्या चित्रापुढे मान डोलवत उभे राहतात.

त्यामुळे बर्लिनला लेकीकडे गेलो आणि शार्लोटेनबुर्ग राजवाड्याच्या बागेतल्या छोट्या हवेलीत एडुआर्ड गेर्टनरचं चित्र पाहिलं, तेव्हा वाटलं, हा आपला माणूस!

गेर्टनर १८०१ सालचा, बर्लिनचाच. १८१४ साली, म्हणजे मिसरूड फुटण्याआधीच, राजाच्या चिनीमातीच्या कारखान्यात उमेदवारीला लागला. बश्यांच्या कडा रंगवण्यात काही वर्षं गेली. त्यातून आपण फारसं काही शिकलो नाही, अशी त्याची पुढे तक्रार होती. ती सगळ्याच उमेदवारांची असते! पण मला विचाराल, तर बशीची कड न हलता रंगवणारा हात पुढे शहरभरची कौलं रंगवायला कचरत नाही. मग त्याने नाटकाचे पडदे रंगवले, १८२५ ते १८२८ पॅरिसमध्ये काढली, आणि घरी येऊन आपल्याच गावचे रस्ते रंगवायला घेतले.

जवळच शिंकेल या वास्तुशिल्पज्ञाने बांधलेलं नवं चर्च होतं. त्याचं छप्पर सपाट, म्हणजे चक्क गच्ची! गेर्टनर तिथे चढला आणि स्वतःभोवती गर्रकन फिरत दिसेल तेवढं बर्लिन त्याने सहा फळ्यांवर उतरवलं. साल १८३४. राजवाडा आहे, घुमट आहेत, पण धुरांडीही आहेत. दुसरा असता तर धुरांडी वगळून झाडं घातली असती. गच्चीवर दुर्बिणीपाशी थोर शास्त्रज्ञ हंबोल्ट उभे आहेत आणि जवळपास चित्रकाराचं स्वतःचं बिऱ्हाडही आहे. आणि कॅमेऱ्याची गोष्ट करणाऱ्यांनी ऐकावं : डागेरचा कॅमेरा जगापुढे आला तो १८३९ साली!

राजा फ्रीडरिक विल्हेल्म तिसरा याने ते चित्र घेतलं, आणि तसंच दुसरं रशियाला लेकीसाठी करवून घेतलं. लेक झारची राणी झाली होती. दागिन्यांना तोटा नव्हता. पण सासुरवाशीण ती सासुरवाशीण. बापाने तिला माहेरची गच्ची पाठवली!

१८४० साली हा राजा गेला. गादीवर आलेल्या मुलाला धुरांड्यांपेक्षा इटलीची स्वप्नं प्रिय. गेर्टनरची कामं आटली. १८७० साली तो बर्लिन सोडून त्सेखलिन नावाच्या खेड्यात गेला आणि १८७७ साली तिथेच वारला. लोक त्याला विसरले.

मग महायुद्ध झालं. बर्लिन भाजून निघालं. उरलेला राजवाडा १९५० साली पाडला. शिंकेलची बांधकामशाळा गेर्टनरने १८६८ साली विटेविटेनिशी रंगवली होती. तीही १९६२ साली पाडली. पुढे राजवाड्याच्या दर्शनी भिंती पुन्हा उभ्या राहिल्या, त्या २०२० साली पुऱ्या झाल्या. पण जुनं बर्लिन कसं होतं ते बघायचं, तर लोक या कौलं रंगवणाऱ्याकडेच येतात.

चित्रापुढे मला आमचा वाडा आठवला. तो पाडून तिथे आता फ्लॅट झालेत. घरात त्याचे पुष्कळ फोटो आहेत, पण प्रत्येकात आम्हीच पुढे दात काढून उभे! मागे वाड्याचा जेमतेम एक खांब. जिना नाही, पापड वाळायचे ती गच्ची नाही.

लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “बाबा, आपल्या गच्चीचं असं कुणी काढून ठेवलं असतं तर?”

“मी काढलं असतं गं,” मी म्हणालो, “पण तुला वाटलं असतं, बाबांनी कांदा पाठवलाय.”

ती हसली. डोळे पुसत हसली. पण कांद्याचं नाव निघाल्यावर डोळ्यांना पाणी यायचंच.