हदगावहून समुद्राकडे

हदगाव तालुक्याच्या उत्तरेकडून वाहणारी पैनगंगा पुढे वर्धेला मिळते, वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते आणि ती गोदावरीत उतरते. म्हणजे नकाशापुरती तरी हदगावची नाव बंगालच्या उपसागराला लागू शकते. २०१६च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यातल्या १११ मार्गांत पैनगंगा-वर्धा आहे, आपली मांजराही आहे. उन्हाळ्यात मांजरेचं पात्र पाहिलेल्याला ही यादी वाचून हसू आलं तर नवल नाही. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नाही. नावेचा लांबचा प्रवास तडीस जातो तो नावाड्याच्या चिकाटीवर, असं आपण धरून चालतो. नौदलाचे अधिकारी दिलीप दोंदे २०१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईला परतले, तेव्हा चिकाटीला तोड नव्हतीच. पण समुद्राचं पाणी वाटेत कुणी अडवत नाही, कुणाच्या उसाला देत नाही. नदीत आधी पाणी कुणाचं, हे ठरावं लागतं.

नुसत्या चिकाटीने नदीचा जलमार्ग होत नाही, याचा दाखला एकोणिसाव्या शतकातच मिळाला. वऱ्हाड-नागपूरचा कापूस गोदावरीतून किनाऱ्यावर न्यायचा, असा इंग्रज अभियंते आर्थर कॉटन यांचा आग्रह होता. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. त्यांना वळसा घालायला बंधारे, कालवे बांधायला घेतले. दरम्यान १८६७मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि १८७१मध्ये काम सोडून दिलं गेलं. कुणी म्हणेल, तेव्हा तंत्र तोकडं होतं. आज पैनगंगेवरचा, इस्लापूरजवळचा सहस्रकुंड धबधबाही जलपाशांच्या, म्हणजे पाणी भरून-सोडून नाव चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या दरवाजाबंद कप्प्यांच्या, पायऱ्या करून ओलांडता येईल. येईलही. मात्र नाव खाली उतरवताना जलपाशाच्या प्रत्येक उघडझापीला वरचं पाणी खर्ची पडतं, आणि वर ईसापूरचं धरण आहे. त्याच्या कालव्यावर हदगावची, अर्धापूरची शेती उभी आहे. पाणीपाळी आठवडाभर लांबली तरी जिथे केळी माना टाकतात, तिथे नावेसाठी पाणी सोडा असं कोण म्हणणार? यादीत नाव असणं म्हणजे उद्याच काम सुरू होणं नव्हे, हेही खरं. तरी ज्या पाण्याचा प्रवास हदगावच्या वाफ्यातच संपतो, आणि तिथेच संपावा, त्याला किनाऱ्यावरच्या काकीनाड्याच्या वाटेवर दाखवण्यात मला अर्थ दिसत नाही. पैनगंगेचं नाव त्या यादीतून काढावं. पावसाळ्यात पैलतीरी जायला एखादी होडी आणि बारमाही पूल, एवढी तिची जलवाहतूक पुरे.